भांडेल त्याचं पुस्तक

धाकटीची साठी उलटून गेली, डोक्यात काळा केस शोधावा लागतो, तरी सगळी गल्ली तिला धाकटीच म्हणते. थोरली होती म्हणून ही धाकटी. आता थोरली गेली, म्हणजे खरं तर हिला बढती मिळायला हवी होती. पण असल्या बढत्या देणारा साहेब कुठल्याच कचेरीत बसत नाही. शिवाय थोरली गेली, हे गल्लीला अजून नीट पटलेलं नाही. धाकटीला तर मुळीच नाही.

दोघींचं चष्म्यांचं दुकान. वडिलांनी थाटलेलं. पुढे काउंटर, भिंतीवर आरसे आणि आरशांच्या मधल्या फळ्यांवर फ्रेमा. एका टोकाला अक्षरांचा तक्ता, त्याच्यासमोर डोळे तपासायची उंच खुर्ची. मागे पडदा आणि पडद्यामागे काचा घासायचं चाक. पुढची बाजू ताईची, मागची धाकटीची. ही वाटणी कधी झाली, कुणी केली, असलं काही विचारू नये. ताई जिथं असायची तिथं वाटण्या आपोआप होऊन जायच्या. ती गिऱ्हाइकाला खुर्चीवर बसवायची, नाकावर एक फ्रेम चढवायची, मग दुसरी, आणि “यातली कुठली बरी वाटते?” असं विचारून गिऱ्हाइकानं तोंड उघडायच्या आत “हीच बरी” असं सांगून मोकळी व्हायची. लोकही निमूट ऐकत. ताईच्या धाकानं काही जणांना नंबर नसताना चष्मा लागला, असं गल्लीत अजून बोलतात. बोलणारे चष्मा लावूनच बोलतात, तो भाग वेगळा.

धाकटी पडद्यामागे. चाक फिरतंय, वरून पाणी ठिबकतंय, काचेचा पांढरा राडा मनगटापर्यंत. काच फ्रेमीत बसली की ती पडद्याच्या फटीतून पुढे धरायची. पलीकडून ताईचा हात यायचा आणि घेऊन जायचा. दिवसदिवस दोघींची भेट म्हणजे एवढी फट.

ताईला दोन नाद होते. एक वाचायचा, दुसरा शेवट सांगायचा. लहानपणी वाचनालयातून पुस्तक घरी आलं की आधी ताई वाचणार, मग ते धाकटीच्या हातात येणार, आणि हातात देता देताच ताई म्हणणार, “छान आहे हं. शेवटी कारकूनच चोर निघतो.” किंवा, “रडू नकोस, ती मुलगी मरते, पण अगदी शेवटच्या पानावर.” यात दुष्टपणा होता असं समजू नका. प्रेमच होतं. धाकटी भित्री, धाकटीला धक्का सोसत नाही, म्हणून वाटेतले खड्डे आधीच बुजवून ठेवायचे, असा ताईचा हिशेब. परिणाम असा की उभ्या जन्मात धाकटीनं असं एकही पुस्तक वाचलं नाही, ज्याचा शेवट तिला आधी ठाऊक नव्हता.

पुस्तकांपुरतं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण धाकटी ऐन तरुण असताना भूगोलाचे एक मास्तर दुकानात वारंवार यायला लागले. त्यांच्या चष्म्याच्या दांडीचा स्क्रू सैल व्हायचा. कसला इतका सैल व्हायचा देव जाणे. ते घरी बसून स्वतःच सैल करत असावेत, असा शेजाऱ्यांचा अंदाज. स्क्रू आवळायला धाकटीला पडद्याबाहेर यावं लागे. ती आवळायची जरा जास्तच वेळ. एके दिवशी ते गेल्यावर ताई म्हणाली, “याचा शेवट काय होणार, सांगू?” आणि सांगितला. बदली होणार, पत्रं आधी येणार, मग थांबणार, तू खिडकीत बसणार. धाकटीनं ऐकून घेतलं आणि पुढच्या खेपेला स्क्रू ताईनं आवळला. असा आवळला की पुन्हा कधी सैल झाला नाही.

असो. तर वाचन मंडळ.

महिन्यातून एकदा, संध्याकाळी, शटर अर्धं खाली ओढून मंडळ दुकानातच बसायचं. मंडळ म्हणजे फार मोठा जमाव नव्हे. निवृत्त पोस्टमास्तर, ज्यांना नियमाशिवाय पाणी गोड लागत नाही. शेजारच्या दवाखान्यातल्या दातांच्या डॉक्टरीणबाई, ज्या समोरच्याचं म्हणणं ऐकताना त्याच्या दाढांकडे बघतात. कोपऱ्यावर कपडे शिवणाऱ्या शिवणकाकू, ज्यांना साऱ्या गल्लीची मापं तोंडपाठ आणि भानगडीही. आणि रस्त्यापलीकडचा पुस्तकवाला, जो मंडळाला वाचनप्रेमापोटी येतो असं स्वतः सांगतो. प्रती त्याच्याच दुकानातून घ्याव्या लागतात, हे मात्र दुसऱ्या कुणीतरी सांगावं लागतं. ताई त्या उंच खुर्चीवर. धाकटी चहा करायची आणि पडद्याला टेकून स्टुलावर बसायची.

पुढचं पुस्तक कुठलं, यावर सगळीच मंडळं फुटतात. हेही फुटायला आलं होतं. आधी पाळीपाळीनं ठरवून पाहिलं, तेव्हा पोस्टमास्तरांनी टपाल तिकिटांचा इतिहास सगळ्यांच्या गळ्यात मारला. मग चिठ्ठ्या टाकून पाहिल्या, तर शिवणकाकूंनी एकाच प्रेमकथेच्या मूठभर चिठ्ठ्या टाकल्याचं उघडकीला आलं. शेवटी ताईनं नियम घातला. ज्या पुस्तकावर बोलणं झालं, त्यावर जो सगळ्यांत कडाडून भांडेल, पुढचं पुस्तक त्याचं. “ज्याला पुस्तक लागलं तोच भांडतो,” ताई म्हणाली, “आणि ज्याला लागलं त्यानंच निवडावं.” बाजूनं भांडा, विरुद्ध भांडा, भांडण खरं पाहिजे. निकाल पोस्टमास्तरांचा.

नियम कानाला फार न्यायाचा वाटला. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग हळूहळू लक्षात आलं की ताईसमोर भांडून जिंकेल असा प्राणी मंडळात नाही. ताईला सर्दी झाली असेल तेव्हाच दुसऱ्या कुणाचं पुस्तक लागायचं. धाकटी तर कधी भांडलीच नाही. शेवट माहीत असलेल्या गोष्टीवर भांडायचं तरी काय?

ताईची शेवटची बैठक अशीच गाजली. डॉक्टरीणबाईंना पुस्तक गोड वाटलं होतं, ताईनं त्यांना इतकं फैलावर घेतलं की त्या म्हणाल्या, “मी कुणाचा दात इतक्या निर्दयपणे उपटत नाही हो!” पोस्टमास्तरांनी निकाल दिला. ताई म्हणाली, “पुढचं पुस्तक उद्या सांगते. आज बोलून बोलून दम लागला.” दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटीनं पडद्याच्या फटीतून काच पुढे धरली, तर पलीकडून हात आला नाही. तिनं बराच वेळ धरून ठेवली होती.

पुढच्या बैठकीला सगळे आले ते खाली मान घालून. उंच खुर्चीवर कुणी बसलं नाही. चहा निवला. तेवढ्यात पोस्टमास्तर खाकरले.

“मुद्दा असा आहे,” ते म्हणाले, “की गेल्या खेपेला ताई जिंकल्या. निकाल मीच दिलाय. त्यांनी पुस्तक सांगायचं राहिलं. म्हणजे हक्क अजून त्यांचाच आहे.”

“अहो पण मास्तर, त्या...” डॉक्टरीणबाई खुर्चीकडे बघत म्हणाल्या.

“गेल्या, ते मलाही कळतं. पाठवणारा गेला म्हणून टपाल पोचवायचं थांबवत नाहीत.”

“मग विचारायचं कुणाला?” शिवणकाकू म्हणाल्या. “वर फोन लावायचा?”

आणि सगळ्यांच्या माना पडद्याकडे वळल्या. “धाकटे, तू सांग गं,” शिवणकाकूच म्हणाल्या. “तुझ्याइतकं ताईंना कोण ओळखतं?”

आता इथं त्या खुर्चीबद्दल सांगायला हवं. पायाशी दांडा होता, तो दाबला की खुर्ची वर जायची. पण तिच्या पंपातलं तेल गळायचं, म्हणून वर नेलेली खुर्ची तिच्या लहरीप्रमाणे सुस्कारा टाकत हळूहळू खाली यायची. सकाळी झाडताना धाकटीनंच ती वर नेली होती. सगळं उघड आहे, भुताखेताचा काही संबंध नाही. पण शिवणकाकूंचं वाक्य संपलं आणि खुर्चीनं सुस्कारा टाकला, आणि कुणी भारदस्त बाई टेकावी तशी ती सगळ्यांच्या डोळ्यांदेखत खाली आली.

“मला काय माहीत,” असं म्हणायला धाकटीनं तोंड उघडलं. तोंडातून आलं ते असं: “न्यायाधीशाच्या घराण्याची ती जाड कादंबरी घ्या. आणि या वेळी वाचून या. मागच्या खेपेला कोण नुसती पानं चाळून आलं होतं, ते मला ठाऊक आहे.”

शिवणकाकूंचा चेहरा उतरला. चाळून त्याच आल्या होत्या.

बहिणीबहिणींचे आवाज सारखे असतात, हे सगळेच नंतर एकमेकांना सांगत राहिले. धाकटी सराईत नकलाकार निघाली, असंही म्हणून झालं. पण धाकटीला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. ते वाक्य तिनं बोलायला घेतलेलंच नव्हतं.

मंडळानं इथं जी चूक केली ती त्यांनाच शोभली. माणूस गेल्यावर लोक त्याची खुर्ची काढतात, फोटो लावतात. यांनी त्याचं मत चालू ठेवलं. पुढच्या बैठकीत न्यायाधीशाच्या घराण्यावर जो तो मिळमिळीत बोलला, आणि मग कुणीतरी विचारलं, “ताई काय म्हणाल्या असत्या?” धाकटीच्या तोंडून ताई काय म्हणाली असती ते बाहेर पडलं, पोटतिडकीनं, टेबलावर मूठ आपटून. पोस्टमास्तरांनी प्रामाणिकपणे निकाल दिला: ताई. पुढचं पुस्तक पुन्हा ताईचं. त्याच्या पुढचंही. मेलेलं माणूस दमत नाही, त्याला सर्दी होत नाही. मंडळाला तर नवा जोर चढला. कुणी बैठक चुकवेना. डॉक्टरीणबाई तोंड उघडून बसलेल्या रोग्यांना ताईची ताजी मतं ऐकवू लागल्या. बिचाऱ्यांना ‘हो’सुद्धा म्हणता यायचं नाही. बैठकीच्या संध्याकाळी शटरखालून आत डोकावणारे पाय, म्हणजे पायांचे मालक, वाढले.

धाकटीचं मात्र वेगळंच चाललं होतं. ती आता पुढेही बसायची आणि मागेही, पण पडद्यामागे चाकाशी बसली की वाटायचं पुढे कुणीतरी आहे, आणि पुढे काउंटरवर उभी राहिली की वाटायचं मागे चाक फिरतंय. काच घासताना कानाशी आवाज यायचा, “कड जाड राहिली.” बघावं तर खरंच राहिलेली. आरशांची तर तिनं धास्तीच घेतली. इतक्या आरशांत एकच बाई इतक्या वेळा दिसते, त्यातली एखादी आपल्या आधी मान वळवते की काय, हे तपासत बसायचं म्हणजे माणूस वेडं व्हायचं. आणि रात्री वाचायला बसलं, की पहिल्या पानावरच, “छान आहे हं. शेवटी...” ते सगळं ताईनं हयातीत वाचलेलं. तिच्याकडे शेवटांचा साठा होता आणि तो संपता संपत नव्हता.

एकदा धाकटीनं चोरून डाव खेळून पाहिला. ताईच्या नावावर आपल्याच मनातलं काहीतरी खपवायचं तिनं ठरवलं. मनात तरी काय होतं? कधी निवडलंच नव्हतं, तर आवड कुठून आणणार? सहज एक प्रवासवर्णन ठरवलं. बैठकीत म्हणायला गेली, “ताईला प्रवासाचं...” आणि जीभ टाळ्याला चिकटली. मग जीभ सुटली ती दुसऱ्याच वाटेनं: “जहाजावरच्या आचाऱ्याची गोष्ट घ्या. प्रवास काय करायचाय? ही कोपऱ्यापर्यंत जायला घाबरते.” सगळे हसले. ताईचा विनोद म्हणून हसले. धाकटीही हसली, कारण तोंड तिचंच होतं.

त्याच आठवड्यातली गोष्ट. दुकान उघडायला ती खाली आली आणि रस्त्यापलीकडे पुस्तकवाल्याच्या काचेत तिला एक लहानसं राखाडी पुस्तक दिसलं. मुखपृष्ठावर पाठमोरी बाई, हातात मिटलेली छत्री, बस्स. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा बघायला गेली. तिसऱ्या दिवशी पुस्तकवाला दारात येऊन उभाच राहिला.

“रोज बघता, नेत मात्र नाही.”

“नुसतं बघतेय.”

“काचेचाच धंदा तुमचा. सगळं काचेतूनच बघायची सवय.”

“कशाबद्दल आहे?”

“एक बाई शेजारणीची छत्री परत द्यायला निघते आणि कोपऱ्यावर उलट्या दिशेला वळते.”

“मग?”

“मग चालतच राहते. घ्या ना.”

“ताईला नाही आवडणार.”

“ताई म्हणाल्या तसं?”

धाकटीनं कान दिला. एरवी इतक्यात निकाल यायचा आणि निकालाबरोबर शेवटही. रस्त्यावरून एक सायकल गेली. कुठलातरी नळ वाहत होता. बाकी काही नाही.

“हे आलं कधी?” तिनं विचारलं.

“परवाच्या पार्सलात. शाई अजून बोटाला लागते.”

“म्हणजे ताईनं हे...”

“त्या कशा वाचतील? त्या होत्या तेव्हा हे लिहून तरी झालं होतं की नाही कोण जाणे.” मग तो हळूच म्हणाला, “मी वाचलंय बरं का. शेवट तर असा आहे...”

“नको!”

हे ‘नको’ इतकं मोठं होतं की सायकलवाल्यानं पुढे जाऊन ब्रेक दाबला. पुस्तकवाला दचकून मागे सरला. धाकटीलाही स्वतःचं आश्चर्य वाटलं. पण त्या क्षणी तिला काय हवंय ते तिला लख्ख कळलं. एक पुस्तक. एकच. ज्याचा शेवट कुणी सांगितलेला नाही, कुणाला सांगता येणार नाही.

“मग बांधून देऊ?”

“नको. असं नको.”

असं का नको, ते पुस्तकवाल्याला कळलं नाही, पण तुम्हाला कळेल. गुपचूप विकत घेऊन पांघरुणात वाचणं तिला जमलं असतं. गुपचूप तिनं पुष्कळ काही केलं होतं. भूगोलाच्या मास्तरांचा स्क्रूसुद्धा गुपचूपच. आणि गुपचूप केलेलं ताईनं एका वाक्यात काढून घेतलं होतं. हे पुस्तक तिला चारचौघांत हवं होतं, ताईच्या देखत, ताईच्याच नियमानं. म्हणजे भांडून. आणि भांडायचं कुणाशी, तर जी कधी हरली नाही तिच्याशी.

बैठकीच्या दिवशी धाकटीनं दिवसभर चाकाला हात लावला नाही. बोटं कापायची भीती वाटली.

संध्याकाळी शटर अर्ध्यावर आलं. चर्चा आचाऱ्याच्या गोष्टीवर. पोस्टमास्तर बंदरांच्या टपालाबद्दल बोलले, शिवणकाकूंना कप्तान देखणा वाटला. मग नेहमीप्रमाणे सगळे थांबले आणि पडद्याकडे वळले. “हं, ताईंचं काय?”

“ताईचं राहू दे,” धाकटी म्हणाली. “मला हे पुस्तक आवडलं नाही.”

डॉक्टरीणबाईंचा बिस्किटाचा तुकडा चहात पडला. खुर्चीनं सुस्कारा टाकला आणि खाली यायला लागली.

“तुला?” आवाज धाकटीच्याच तोंडातून आला, पण ताईचा होता, भरदार, काउंटरवरचा. “तुला कळलं का ते?”

“कळलं. आचारी शेवटी बुडतो, हे तूच सांगितलंस पहिल्या दिवशी. मग सबंध पुस्तकभर मी एका बुडणाऱ्या माणसाला कांदे चिरताना बघत बसले.”

“बरं केलं सांगितलं. तुला धक्का सोसत नाही.”

“कुणी सांगितलं सोसत नाही? कधी बसू दिलास?”

शिवणकाकूंनी डॉक्टरीणबाईंचा दंड घट्ट धरला. “मी तोंडात बघत होते,” डॉक्टरीणबाई पुढे कित्येक दिवस सगळ्यांना सांगत होत्या, “जीभ एकच होती हो.”

“बाहेर बसतेस म्हणून फार बोलायला लागलीस,” ताईचा आवाज म्हणाला. “जा, चाकाशी जाऊन बस.”

“बसते. उद्या बसते. आज इथं बसणार आहे. मास्तरांचंही तू असंच केलंस.”

आपल्यावर काही आलं की काय म्हणून पोस्टमास्तर उठायला लागले. शिवणकाकूंनी त्यांना ओढून खाली बसवलं. “तुम्ही नव्हे हो. भूगोलाचे.”

“त्याचं पुढं काय झालं असतं, ते मला माहीत होतं.”

“मला नव्हतं!” धाकटी आता उभी होती. स्टूल मागे कलंडलं. “मला नव्हतं माहीत आणि मला नको होतं माहीत! वाईट झालं असतं ना? होऊ द्यायचं होतंस. ते माझं वाईट झालं असतं. आता माझ्याकडे काय आहे, सांग? तू सांगितलेला शेवट आहे आणि त्याच्या आधीचं काहीच नाही.”

भिंतीवरच्या सगळ्या आरशांत एक म्हातारी बाई उभी होती. खुर्ची अर्ध्यावर आली होती. मग धाकटीच्या ओठांतून ताईचा आवाज आला, पण तो कुणी कधी ऐकलेला नव्हता, दबलेला, जवळजवळ अपराधी. “मला वाटलं, तू घाबरशील.”

“घाबरतेच मी. काचेचा टवका उडाला तरी घाबरते. म्हणून चाक बंद ठेवते का? तूही नव्हतीस का घाबरत? उगाच का प्रत्येक पुस्तकाचं शेवटचं पान आधी बघायचीस?”

धाकटीचे ओठ एकदा उघडले आणि मिटले. ताईला कुणी गप्प केलेलं त्या दुकानानं पहिल्यांदाच पाहिलं, म्हणजे जर ती ताईच असेल तर.

पोस्टमास्तरांनी कपाळ पुसलं. “निकाल,” ते म्हणाले, आणि आवाज फुटला म्हणून पुन्हा म्हणाले, “निकाल. धाकटी.”

“पण मास्तर, दोन्ही बाजूंनी तीच भांडली,” शिवणकाकू कुजबुजल्या. “मग हरलं कोण?”

“ते नियमात विचारलेलं नाही.” मग ते धाकटीकडे वळले आणि कधी नव्हे ते ‘अहो’वर आले. “बोला. पुस्तक कुठलं?”

तिनं सांगितलं. राखाडी, छत्रीवाल्या बाईचं. पुस्तकवाल्यानं पिशवी पुढे ओढली. लबाडानं सगळ्यांच्या प्रती आधीच आणल्या होत्या. सवयीनं पोस्टमास्तर म्हणाले, “आणि ताईंचं यावर मत?” सगळे ऐकत राहिले. धाकटीही. पण बाहेर कुणाचीतरी पावलं वाजली, ती गेली, आणि दुकान नुसतं दुकान होऊन राहिलं.

“तिनं वाचलेलं नाही,” धाकटी म्हणाली.

घरी नेताना प्रत्येकानं आपापली प्रत छातीशी धरली होती, जशी काही ती निसटून जाईल. शेवटाबद्दल चकार शब्द काढायचा नाही, अशी पुस्तकवाल्याला ताकीद मिळाली. त्याच्यासाठी ती शिक्षाच होती.

पुढचे काही दिवस धाकटीला कुणीच काही म्हणालं नाही. कड जाड राहिली तरी नाही. हेच तर तिला हवं होतं, आणि आता ते तिला सोसवेना. चाक थांबवलं की दुकान इतकं गप्प व्हायचं की ती मुद्दाम पेला आपटून ठेवायची. आरशांत एकच बाई, जितक्या वेळा असायला हवी तितक्याच वेळा. पडद्याच्या फटीतून एकदा तिनं उगाचच तयार चष्मा पुढे धरला, आणि मग स्वतःच पुढे जाऊन घेतला. ताई रागावली असेल, की गेली? रागावलेली बरी, असं तिला वाटलं. रागावलेलं माणूस घरात असतं तरी.

पुस्तक ती दुपारी वाचायची, गिऱ्हाईक नसताना, काउंटरशी बसून. पान उलटताना मान आत ओढून घ्यायची, मागून चापट बसणार असल्यासारखी. बसत नव्हती. ती बाई चालतच होती, छत्री हातात, अनोळखी रस्ते, अनोळखी दारं, आणि पुढे काय होणार हे धाकटीला खरोखर, अगदी खरोखर माहीत नव्हतं. एवढी धास्ती लोक विकत घेऊन वाचतात, याचं तिला नवल वाटलं. मधेच उठून ती दारापर्यंत जायची, रस्ता बघून परत यायची.

अशाच एका दुपारी थोडीच पानं उरली असताना ती बाई एका दारापाशी येऊन थांबली. दार किलकिलं होतं. आत कुणाची तरी चाहूल. बाईनं छत्रीचं टोक दाराला लावलं, आणि तिथं पान संपलं.

धाकटीचं बोट पानाच्या कोपऱ्यावर होतं. ते हलेना. दुकानात ऊन तिरपं आलेलं, फ्रेमांच्या सावल्या भिंतीवर. आणि तिला मानेवर श्वास जाणवला. काच पुसायच्या स्पिरिटचा आणि धुतलेल्या सुती कापडाचा वास, तो तिनं जन्मभर फटीतून घेतलेला. कुणीतरी तिच्या डाव्या खांद्यावरून वाकून, तिच्याच पानावर, तिच्याच ओळीवर येऊन थांबलं होतं. तिनं वळून पाहिलं नाही.

“पुढं काय होतं गं?” अगदी हलकं, अगदी घाबरलेलं कुणीतरी विचारलं.

“मला तरी कुठं माहीत आहे,” धाकटी म्हणाली. तिनं पुस्तक जरा डावीकडे कलतं धरलं आणि पान उलटलं.